तळाच्या संघासाठी एक ओळ

हॉकीकाकांनी आयुष्यात कधी हॉकीची काठी हातात धरली नाही. पायात स्केट घातले नाहीत. बर्फावर पाऊल टाकलं ते फक्त फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करताना. तरीही ओटावात विद्यापीठाच्या हॉकीचा हंगाम सुरू होण्याआधी दर वर्षी निदान तीन डझन माणसं त्यांच्या हातात एकेक कागद आणून द्यायची आणि मग फेब्रुवारी संपेपर्यंत त्या कागदाची काळजी करायची. भेटल्यावर 'कसं काय' म्हणायची काकांची पद्धत नव्हती. सप्टेंबरात ते कोणालाही, अगदी गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या माणसालाही, एकच प्रश्न विचारत, "यंदा तळाला कोण?"

पहिला कोण, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. "वर कोण येणार ते कोणीही सांगेल," ते म्हणत. "तळ ओळखायला अभ्यास लागतो."

स्पर्धा सोपी होती. आमच्या गटात दहा संघ. पहिला सामना सुरू व्हायच्या आत प्रत्येकाने एका कागदावर हे दहा संघ आपल्या अंदाजाने एकाखाली एक लिहायचे, खाली नाव घालायचं आणि कागद काकांना द्यायचा. हंगाम संपला की खरी क्रमवारी शेजारी मांडायची. तुम्ही एखादा संघ तिसरा लिहिला आणि तो सातवा आला, तर चार. दहाही संघांच्या अशा फरकांची बेरीज म्हणजे तुमची 'चूक'. गुण हा शब्द काका वापरत नसत. ज्याची चूक सगळ्यात कमी, तो जिंकला. कोणी 'माझा अंदाज बरोबर आला' असं म्हणालं की काका हात वर करून त्याला थांबवत. "बरोबर कोणीच नसतं. कोण कमी चुकलं, एवढंच बघायचं."

हे त्यांचं तत्त्वज्ञान नव्हतं, ती त्यांची नोकरी होती. साठच्या दशकाच्या शेवटी ते सांगलीकडून इंजिनियर म्हणून इकडे आले आणि फेडरल सरकारात वजनमापं तपासायच्या कामाला लागले ते निवृत्त होईपर्यंत. पेट्रोल पंप, ग्रोसरीतले काटे, धान्याच्या कोठारातले ट्रकसकट वजन करणारे मोठे काटे, सगळं त्यांनी तपासलं. "बिनचुकीचा काटा मी अजून बघितलेला नाही," ते सांगत. "काट्याची चूक किती, ते कळलं की तो काटा वापरता येतो." त्यांच्या घरी वॉशरूममधल्या वजनकाट्यावर चिठ्ठी होती, 'चारशे ग्रॅम जास्त दाखवतो'. भिंतीवरच्या घड्याळाखाली चिठ्ठी, 'दोन मिनिटं पुढे'. ओव्हनवर चिठ्ठी. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या चिठ्ठ्या वाचत फिरत होते, तर काकू म्हणाल्या, "माझ्यावर लावायची तेवढी राहिलीय."

हॉकीशी त्यांची गाठ पडली ती थंडीमुळे. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या भाड्याच्या खोलीतलं हीटिंग धड नव्हतं आणि कोपऱ्यावरच्या रिंकच्या कॅन्टीनमध्ये होतं. कॉफीचा कप घेऊन काचेपलीकडचा खेळ बघत बसायचं. "ऑफिसात, बसमध्ये, जिथे जाईन तिथे लोक विचारायचे, तू कुठला, इकडे कसा आलास, परत कधी जाणार," काका सांगत. "रिंकवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, आज कोण जिंकेल असं वाटतं तुला? मी म्हटलं, बस्स. आपली जागा ही." टीव्हीवरच्या मोठ्या, व्यावसायिक हॉकीचं त्यांना प्रेम नव्हतं. विद्यापीठाची पोरं सकाळी परीक्षा देऊन संध्याकाळी खेळतात, हे त्यांना फार आवडायचं.

त्यांच्या कागदावर आणखी एक रेघ असे, आणि ही स्पर्धा दुसऱ्या कुठल्याही स्पर्धेसारखी नव्हती ती या रेघेमुळे. नावाच्या खाली लिहिलेलं असे, 'तुम्ही तळाला घातलेल्या संघाबद्दल एक चांगली ओळ'. ही ओळ सक्तीची. ती नसेल तर कागद परत. वरवरची असेल, तरी परत. एकदा आमच्या मराठी मंडळातल्या एका तरुण मुलीने लिहिलं, 'यांचे मोजे छान आहेत'. काकांनी कागद तिच्या हातात दिला. "मोजे म्हणजे संघ नाही. जाऊन एक सामना बघ आणि मग लिही." ती खरंच गेली. पुढच्या शनिवारी तिने लिहून आणलं, 'गोलकीपरने सात गोल खाल्ले आणि आठवा असा अडवला, जणू तो पहिलाच होता'. काकांनी ती ओळ आठवडाभर सगळ्यांना म्हणून दाखवली.

ही रेघ कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. स्पर्धेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते स्टॅंडमध्ये सगळे कागद मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक बाई बसली होती. उत्तरेकडच्या खाणीच्या गावातला संघ पाहुणा आला होता आणि तिचा मुलगा त्या संघात होता. आठ तास गाडी चालवून ती आली होती. तिने विचारलं, हे काय? काकांनी हौसेने कागद दाखवले. चौदा कागद, आणि चौदाही जणांनी तिच्या मुलाचा संघ शेवटचा लिहिलेला. तिने सगळे कागद एकेक करून वाचले, नीट जुळवले, परत दिले आणि म्हणाली, "ठीक आहे. तसंच होईल बहुतेक." मग थर्मासमधली कॉफी तिने काकांनाही दिली. "मला ती कॉफी गिळवेना," काका म्हणाले. "शेवटचा म्हणणं चूक नव्हतं. पण नुसतं शेवटचा म्हणून पुढे जाणं, हे काही माणसाचं काम नाही." पुढच्या वर्षीपासून रेघ आली.

काकांचा स्वतःचा कागद मात्र दर वर्षी सारखाच असे. आपल्या विद्यापीठाचा संघ पहिला. तो संघ पहिला येण्याची काही शक्यता नसे. सहावा, सातवा, बरा दिवस असला तर पाचवा. काकांची निम्मी चूक तिथेच व्हायची. वजनमापात आयुष्य घालवलेला माणूस असं का करतो, हे विचारल्यावर ते म्हणत, "ही माझी ठरलेली चूक. चिठ्ठी लावलेली आहे." त्यामुळे आपल्याच स्पर्धेत ते विसाव्याच्या वर कधी आले नाहीत.

काकू जर्सीच्या रंगावरून क्रम लावत. "यंदा मी निळ्यांना वर घातलंय," त्या सांगत. "दिवाळीला निळी साडी घेतली तेव्हापासून माझं बरं चाललंय." त्या दोनदा जिंकल्या. "हिच्या पद्धतीला शास्त्राचा आधार नाही," काका खिन्नपणे म्हणत. "निकालाचा आहे."

बक्षीस म्हणजे काकूंनी मिरजेहून आणलेला मोठा स्टीलचा डबा, काठोकाठ बेसनाच्या लाडवांनी भरलेला. लाडू खायचे, डबा वर्षभर ठेवायचा, पुढच्या मार्चमध्ये परत आणायचा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं दर वर्षी विजेत्याचं नाव डब्यावर कोरलं जाई. ते काम काका स्वतः करत, बेसमेंटमध्ये, कोरायच्या छोट्या विजेच्या यंत्राने, ठिपक्याठिपक्यांच्या देवनागरीत. गोऱ्या विजेत्यांना आपलं नाव त्या लिपीत बघून काय आनंद व्हायचा! कोणी तो डबा ऑफिसात दाखवायला न्यायचे, कोणी ख्रिसमसच्या झाडाखाली ठेवायचे.

मी त्या स्पर्धेत शिरले ती यादीमुळे. आम्ही नागपूरहून आलो त्याला दोनेक वर्षं झाली होती. मी ओटावाच्या कनाटा उपनगरात एका टेलिकॉम कंपनीत टेस्टिंग करत होते, आणि त्या वर्षी कनाटातल्या निम्म्या लोकांबरोबर माझीही नोकरी गेली. घरी बसून हात शिवशिवायला लागले म्हणून मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची यादी मी अंगावर घेतली. कोण काय आणणार, किती माणसांपुरतं, भांडं परत न्यायची जबाबदारी कोणाची, सगळे रकाने आखून कागद भिंतीला चिकटवला. काका चष्मा वर करून तो पाच मिनिटं वाचत उभे होते. मग वळून विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, मी. "गाव?" नागपूर. "नागपूर, तुला यादी येते." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी नागपूर झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते फक्त डब्यावर कोरायची वेळ आली असती तरच वापरलं असतं, आणि ती वेळ आली नाही.

त्या हिवाळ्यात मी त्यांची सगळी मोजदाद एक्सेलवर आणली. पुढे मला दुसरी नोकरी लागली, पण हे काम मी सोडलं नाही. ऑक्टोबरात मी सगळे कागद टाइप करायचे, दर सोमवारी ताजी क्रमवारी घालून रिंकच्या बोर्डवर लावायची, मार्चमध्ये निकाल काढायचा. एक गोष्ट मात्र काकांनी माझ्या हातात दिली नाही. मूळ कागदांचा खोका. विंटर बूटांचा जुना, कोपऱ्यांना टेप लावलेला खोका, त्यात पहिल्या वर्षापासूनचे सगळे कागद. तो त्यांच्या बेसमेंटमध्ये असे. टाइप करायला मी त्यांच्या घरी जायचं, खोका घरी न्यायचा नाही. ज्याच्याकडे खोका त्याची स्पर्धा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी आता हे लिहायला हरकत नाही की मला तो खोका हवा होता. त्या नोकरी नसलेल्या वर्षात मला काहीतरी येतं असं कोणीतरी म्हटलं होतं, त्याचा पुरावा म्हणून हवा होता.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मार्चमधल्या शनिवारी दुपारी रिंकच्या कॅन्टीनमध्ये बक्षीससमारंभ झाला. माझ्या यादीप्रमाणे डॉक्टर सबनीस पहिले आले होते. हे आमचे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, वर्तमानपत्रातली कात्रणं जमवून अंदाज करणारे. शिवाय एक नवल घडलं होतं. हॉकीकाका तिसरे आले होते! काकांनी आकडा दोनदा बघितला आणि विनिपेगला मुलीला तिथूनच फोन लावला. "तिसरा! छत्तिसात तिसरा! आईला सांगू नकोस, मी सांगतो," असं ते म्हणत होते आणि आई शेजारीच उभी होती.

प्रथेप्रमाणे काकांनी विजेत्याची ओळ वाचली. "यांचा बसचालक सामना संपायच्या अर्धा तास आधी बस गरम करून ठेवतो, आणि पोरं हरून आली की प्रत्येकाला नावाने हाक मारतो."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी असं लिहिलं होतं?" ते म्हणाले. "छान लिहिलंय की." टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता तो मागे उभा असलेला गास्तों. हा रिंकवरचं बर्फ सारखं करणारं यंत्र चालवायचा. नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतला, पन्नाशीचा, मिशाळ. काका हे आडनाव आहे अशा समजुतीने तो वीस वर्षं त्यांना मिस्टर काका म्हणत आला होता.

पुढच्या गणपतीत काकांनी जाहीर केलं की एप्रिलमध्ये ते दोघं विनिपेगला मुलीकडे कायमचे जाणार. गुडघे शोव्हल करू देत नव्हते. लोकांनी लगेच विचारलं, खोक्याचं काय? काका म्हणाले, बघू. नंतरचे तीन-चार महिने ते बघत होते. डॉक्टरांना कात्रणांपुढे माणसं दिसत नाहीत. अमक्याला घाई आहे. तमका हरला की जेवत नाही. माझ्याबद्दल ते काहीच बोलत नव्हते. शेवटी काकूंनीच माझ्यादेखत विचारलं, "अहो, नागपूरला देऊन टाका ना. सहा वर्षं पोर राबतेय." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हिचं मला अजून काही कळलेलं नाही." मला ते लागलं. सहा वर्षांत माझ्या यादीत एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता.

जानेवारीत मी ठरवलं की निरोपाची भेट म्हणून पहिल्या वर्षापासूनची एकत्र यादी करून द्यायची. एका शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये खोका उघडून बसले. आधी अलीकडची वर्षं ताडून घ्यावीत म्हणून गेल्या वर्षीचा गठ्ठा काढला. वरचाच कागद गास्तोंचा. मोठी, तिरकी अक्षरं. खालच्या रेघेवर लिहिलेलं होतं, यांचा बसचालक सामना संपायच्या अर्धा तास आधी बस गरम करून ठेवतो.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग चूक मोजली. आठ. ती आठ माझ्या यादीत डॉक्टरांच्या नावापुढे होती. आणखी तीन कागद मोजले. तिन्ही दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर. काय झालं होतं ते समजायला मला लॅपटॉप उघडावा लागला नाही. बोर्डवर नावं वर्णानुक्रमे लाव असं काकांनी निकालाच्या आठवड्यात सांगितलं होतं. मी नावांचा रकाना निवडून बटण दाबलं होतं. शेजारचे रकानेही हलवू का, असं संगणकाने विचारलं होतं, आणि मी न वाचता नाही म्हटलं होतं. नावं हलली, आकडे आणि ओळी जागच्या जागी राहिल्या. छत्तीसच्या छत्तीस माणसांना दुसऱ्याचा निकाल मिळाला होता. स्वतःचा अंदाज पाच महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहतो? म्हणून कोणी काही बोललं नव्हतं.

मी कागद होता तसा ठेवला, खोका बंद केला, वर जाऊन चहा घेतला आणि घरी आले. नवरा म्हणाला, "अगं, लाडवांचा डबा आहे तो. वर्ल्ड कप नाही." त्याचं बरोबर होतं. कोणालाच कळणार नव्हतं. लाडू खाऊन दहा महिने झाले होते. आणि सांगितलं तर खोका गेला, हे नक्की होतं. रविवारी मी कपाटं आवरली. मसाल्यांच्या सगळ्या बरण्यांना नवीन लेबलं लावली. हळदीचं लेबल धण्याला लागलं तेव्हा मी थांबले.

सोमवारी ऑफिसातून निघून बसने थेट त्यांच्याकडे गेले आणि बूट काढायच्या आधी दारातच सगळं सांगितलं.

काकांनी खोका वर आणवला, जेवणाच्या टेबलावर छत्तीस कागद मांडले आणि एकेक मोजायला बसले. मी आकडा लिहायचा, त्यांनी परत मोजायचा. तासाभराने त्यांचा स्वतःचा कागद आला. त्यांनी तो दोनदा मोजला.

"तीस," ते म्हणाले. "म्हणजे कितवा?"

"एकोणतिसावे, काका."

"मला तेव्हाच शंका आली होती," काकू ओट्याजवळून म्हणाल्या. मग त्यांचा कागद निघाला. माझ्या यादीत त्या बाविसाव्या होत्या, खऱ्या निघाल्या चौथ्या. "बघा!" त्यांनी पोळी लाटता लाटता लाटणं उंचावलं. "निळे!"

मी म्हटलं, "काका, यादी आता दुसऱ्या कोणाला द्या. मी सगळं नीट करून देते आणि बाजूला होते."

"बस खाली," काका म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "सहा वर्षं मी वाट बघत होतो, तू कधी चुकतेस. चुकतच नव्हतीस. ज्या काट्याची चूक दिसत नाही, त्याच्यावर मी शिक्का मारत नसे. तो चांगला आहे की लपवतोय, हे कळायला मार्ग नाही." त्यांनी कागद गोळा केले. "आता कळलं. चुकतेस, आणि दोन दिवसांनी सांगतेस."

"दोन दिवस जरा जास्त झाले," मी म्हटलं.

"ते लिहून ठेवू," काका म्हणाले. "चिठ्ठीवर."

पुढचा शनिवार कामाचा गेला. आधी आम्ही डॉक्टरांकडे कनाटाला गेलो. डब्यात चिवडा होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी जिंकलोच नव्हतो? अहो, मी पुण्याला भावाला फोन करून सांगितलंय!"

"परत करा," काका म्हणाले. "मलाही विनिपेगला करावा लागला."

"आणि ती बसवाल्याची ओळ?"

"तीही तुमची नाही."

डॉक्टरांनी डबा उचलला. "त्याचंच वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि आत जाऊन चिवडा दुसऱ्या डब्यात ओतून आले.

रिंकवर गास्तों यंत्राचं पातं पुसत होता. काकांनी त्याला इंग्रजीत सगळं समजावलं आणि विचारलं, तुझी ओळ वाचली तेव्हा तू बोलला का नाहीस? गास्तोंने खांदे उडवले. "मिस्टर काका, मला वाटलं, डॉक्टरलाही तेच सुचलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, अजून कोणीतरी त्या बसकडे बघतं."

डब्यावरचं डॉक्टरांचं नाव घासून काढावं असं मी सुचवलं. काकांनी मान हलवली. "खोडायचं, पुसायचं नाही." त्यांनी त्या नावावरून ठिपक्यांची एकच सरळ रेघ ओढली, नाव वाचता येईल अशी. शेजारी गास्तोंचं नाव कोरलं. मग यंत्र माझ्या हातात दिलं. "तिथे बारीक लिही, 'दुरुस्ती', आणि पुढे 'नागपूर'." ते यंत्र मी पहिल्यांदाच धरलं होतं, त्यामुळे 'पू' जरा वाकडा आला. तो अजून तसाच आहे. बोर्डवर मी खरी यादी लावली आणि वर लिहिलं की गेल्या वर्षीचा निकाल माझ्या चुकीने चुकला होता. तीन-चार जणांनी टोमणे मारले. नवव्या क्रमांकावरून चौतिसाव्यावर गेलेल्या एका गृहस्थांनी महिनाभर अबोला धरला. बाकीचे आपला नवा आकडा शोधण्यात गुंग होते.

मार्चमध्ये सगळ्यांसमोर काकांनी खोका मला दिला. भाषण केलं नाही. खोक्याच्या झाकणावर नवीन चिठ्ठी होती, 'दोन दिवस उशिरा सांगते'.

एप्रिलमध्ये ते गेले. मूव्हर्सचा ट्रक सुटल्यावर काकू रडल्या. काका मात्र भिंतीवरच्या घड्याळाची चिठ्ठी काढू की ठेवू, या विचारात होते. घड्याळ ते नवीन घरमालकाला ठेवून चालले होते. शेवटी त्यांनी चिठ्ठी इंग्रजीत लिहून परत लावली.

त्यानंतर दर सप्टेंबरात विनिपेगहून जाड पाकीट यायचं. आत दोन कागद, एक रंगांवरून लावलेला, एक आपला संघ पहिला घातलेला. सोबत चार ओळी. इथली थंडी ओटावापेक्षा शिस्तशीर आहे. इथल्या रिंकवरही स्पर्धा सुरू करतोय, लोकांना ओळ लिहायला जड जातं, पण शिकतील. मग फोनवर, "काय नागपूर, किती चुकलीस?" मी आकडा सांगायचे. "छान," ते म्हणायचे, आकडा कोणताही असो.

त्यांच्या शेवटच्या वर्षी पाकीट लवकर आलं, जुलैअखेर. ऑगस्टमध्ये ते झोपेतच गेले. फोनवर काकू म्हणाल्या, "कागद भरून टाकला होता त्यांनी. तो आता धरायचा की नाही, ते तूच ठरव." ठरवायचं काही नव्हतं. पहिल्या सामन्याच्या आत आलेला कागद नियमाप्रमाणे ग्राह्य असतो. मी तो इतर सदतीस कागदांबरोबर टाइप केला आणि दर सोमवारी त्यांचा आकडा बोर्डवर लावत राहिले. गास्तों यंत्र बाजूला उभं करून आधी तो आकडा बघायचा.

फेब्रुवारी संपला. आपला संघ आठवा आला. काका अडतिसांत एकतिसावे. निकाल काढताना सगळे आकडे दोनदा तपासायची सवय मला आता आहे, म्हणून मी त्यांचा मूळ कागद खोक्यातून काढून शेजारी ठेवला. तळाला त्यांनी खाणीच्या गावचा तोच संघ लिहिला होता. खालच्या रेघेवर, पूर्वीपेक्षा जरा हललेल्या अक्षरात, ओळ होती, 'यांनी एकदा मला चुकीचं ठरवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे'.

तो संघ त्या वर्षी शेवटच्या दिवशी शेवटचा सामना जिंकून नववा आला होता.

मी पेन घेतलं आणि काकांच्या कागदावर, दहाव्या ओळीपुढे, त्यांची चूक मांडली. एक.